काटकसरीचा न्याय

महागाईविषयीं बोलावयास कोणासहि विशेष अध्ययनाची गरज लागत नाहीं. विजेचें बिल दारांत येऊन पडलें, गॅसच्या सिलिंडराचा नवा भाव कानीं आला, किंवा भाजीबाजारांतून पिशवी अर्धीच भरून परत आली, म्हणजे घरोघरीं या विषयाचें पारायण सुरू होतें. त्या पारायणाची समाप्ति बहुधा एकाच उपदेशांत होते: 'आतां काटकसर केली पाहिजे.' हा उपदेश इतका जुना व इतका सर्वमान्य आहे कीं, त्याविषयीं शंका घेणारा मनुष्य एक तर उधळ्या असला पाहिजे, नाहीं तर विक्षिप्त, असाच लोकांचा समज व्हावयाचा. तथापि ज्या गोष्टीस सर्वजण विचार न करितां मान डोलवितात, तिचाच विचार एकदां नीट करून पाहणें हें मासिकांच्या कर्तव्यांपैकीं एक आहे, असें आम्हांस वाटतें. म्हणून महागाई कां होते व ती कशी आवरावी हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांकडे ठेवून, तिच्यावरील घरगुती उपाय म्हणून जो सांगितला जातो त्याच्याच नैतिक स्वरूपाकडे आम्ही येथें वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. काटकसर हा सद्गुण आहे काय? आणि असल्यास तो कोणाचा सद्गुण, व कोणाच्या जिवावर?

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. मुंबईंत घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर नोव्हेंबर २०२० मध्यें ५९४ रुपयांस मिळत होता. तोच मार्च २०२३ मध्यें ११०२ रुपये ५० पैशांवर गेला. पुढें ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस २०० रुपये व मार्च २०२४ मध्यें १०० रुपये उतरले, आणि एप्रिल २०२५ मध्यें पुनः ५० रुपये चढले. म्हणजे अडीच वर्षांच्या आंत भाव जवळजवळ दुप्पट झाला, आणि उतरला तरी मूळ पदावर आला नाहीं. एवढ्याच अवधींत ज्यांची प्राप्ति दुप्पट झाली असे गृहस्थ आमच्या वाचकांत फार थोडे असतील. त्यांतहि हा भार सर्वांस सारखा लागत नाहीं. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यानें १८५७ मध्यें असें दाखवून दिलें कीं, कुटुंब जितकें गरीब, तितका त्याच्या खर्चांतील अन्नाचा वांटा मोठा. हा नियम आजहि खोटा ठरलेला नाहीं. सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणींत ग्रामीण कुटुंबांच्या खर्चांत अन्नाचा वांटा शेंकडा सुमारें ४६ व शहरी कुटुंबांच्या खर्चांत सुमारें ३९ आढळला, आणि इंधन व दिवाबत्ती यांचा दोहोंकडे शेंकडा सहा ते सात. ज्याच्या शंभर रुपयांतले पन्नासाहून अधिक रुपये चुलीवर आणि चुलीखालीं जातात, त्यास महागाई ही वर्तमानपत्रांतील वार्ता नसून ताटांतील उणीव असते. उलट ज्याचा हा वांटा लहान आहे, त्याची तक्रार कित्येकदां सर्वांत मोठ्या आवाजांत ऐकूं येते.

आतां काटकसरीचा अर्थ काय तो पाहूं. या शब्दाच्या आरंभींच 'काट' आहे, म्हणजे त्यांत कांहीं तरी कापलें जाणें गृहीत आहे. आणि जेथें कापाकापी आहे तेथें काय कापलें व कोणाचें कापलें हे दोन प्रश्न ओघानेंच येतात. लोक 'जरुरीचें ठेवावें व चैनीचें कापावें' असें सोपें उत्तर देतात. परंतु जरूर कशास म्हणावें? ॲडम स्मिथ यानें १७७६ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत याचा मोठा मार्मिक विचार केला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, केवळ प्राण टिकविण्यास जें लागतें तेवढेंच जरुरीचें नव्हे. ज्यावांचून देशाच्या रीतीप्रमाणें खालच्या थरांतील प्रतिष्ठित मनुष्यासहि चारचौघांत जाण्याची लाज वाटेल तेंहि जरुरीचेंच. ग्रीक व रोमन लोक तागी सदऱ्यावांचून सुखानें राहिले. परंतु स्मिथच्या काळच्या मोलमजुरासहि त्यावांचून बाहेर पडणें कमीपणाचें वाटे. हीच कसोटी आपल्याकडे लावून पहावी. पन्नास-साठ वर्षांपूर्वीं ज्या घरांत एक दिवा व एक पंखा होता त्या घरांतील वृद्ध मंडळी म्हणतात, 'आम्हीं कंदिलावर अभ्यास केला.' तें खरेंच आहे. परंतु तेव्हां सर्व वर्ग कंदिलावर अभ्यास करीत होता. आज एकाच घरचा मुलगा तसा करूं लागला तर त्याची बरोबरी कंदिलवाल्यांशीं नसून विजेखालीं वाचणाऱ्यांशीं आहे. वैशाखांत नागपुरास किंवा चंद्रपुरास ज्यानें दुपार काढली आहे, तो पंख्यास चैन म्हणण्याचें धाडस करणार नाहीं. २०२० च्या टाळेबंदींत शाळा मोबाइलवर आली तेव्हां पासून तर भिंतींतील विजेची कळ ही मुलांच्या पाटी-दप्तराचाच भाग होऊन बसली आहे. अर्थात् जरूर आणि चैन यांची सीमा काळानें हलते, हवेनें हलते व वयानेंहि हलते. ती एकदां आंखून कायमची ठेवतां येत नाहीं. आणि जो ती एकट्यानें आंखतो तो बहुधा स्वतःच्या गरजा सीमेच्या आंत व दुसऱ्याच्या बाहेर टाकतो.

यावरून काटकसर, कृपणता व ओढाताण या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या पाहिजेत. जवळ आहे, खर्च करितां येईल, पण अधिक मोठ्या हितासाठीं हात आवरला, ही काटकसर. जवळ आहे, हित कोणतेंच नाहीं, केवळ सांठविण्याच्या गोडीनें हात आवरला, ही कृपणता. आणि जवळच नाहीं म्हणून हात आंखडला, ही ओढाताण. नीतीचा संबंध निवडीशीं आहे. जेथें निवड नाहीं तेथें सद्गुणहि नाहीं व दुर्गुणहि नाहीं, तेथें केवळ दुःख आहे. ज्या बाईच्या घरांत महिन्याच्या विसाव्या दिवशीं गॅस संपला कीं पहिल्या तारखेपर्यंत चूल पेटवावी लागते, तिला काटकसरी म्हणून धन्यवाद देणें ही तिची स्तुति नव्हे, थट्टा आहे. तिला भांड्यावर झांकण ठेवण्याचे व डाळ आधीं भिजत घालण्याचे फायदे सांगणें हें तर त्याहून वाईट; कारण ते तिला आपल्याहून अधिक चांगले ठाऊक आहेत. काटकसरीचा उपदेश ज्यास कांहीं कापतां येण्यासारखें आहे त्यासच करावा, हा या विषयांतील पहिला न्याय होय.

परंतु ज्यांस कांहीं कापतां येण्यासारखें आहे अशा, म्हणजे आमच्या वाचकांच्याच, घरांत शिरून पाहिलें तर तेथेंहि प्रश्न सुटत नाहीं. युरोपीय भाषांत अर्थशास्त्राचें जें नांव आहे, त्याचें मूळ 'गृहव्यवस्था' या अर्थाच्या ग्रीक शब्दांत आहे. आणि ॲरिस्टॉटलनें घर चालविण्याची विद्या व द्रव्य वाढविण्याची विद्या यांत स्पष्ट भेद केला आहे. घर नीट चाललें कीं नाहीं हें पेटींत किती उरलें यावरून ठरत नाहीं; घरांतील माणसें कशीं राहिलीं यावरून ठरतें. पण आपण घराकडे पाहतांना तें जणूं एकच प्राणी आहे अशा समजुतीनें पाहतों, व 'घरानें काटकसर केली' असें म्हणून मोकळे होतों. अमर्त्य सेन यांनीं अर्थशास्त्रज्ञांच्या याच संवयीवर बोट ठेवलें आहे: कुटुंबाची मिळकत एक असली तरी घरांतल्या घरांत तिची वांटणी सारखी होतेच असें नाहीं. जी गोष्ट मिळकतीची, तीच बचतीची. घर काटकसर करीत नाहीं. घरांतील कोणी तरी करितो, आणि पुष्कळदां ठरविणारा एक व सोसणारा दुसरा असतो.

याचें एक साधें, पण रोज घडणारें उदाहरण घेऊं. विजेचें बिल वाढलें कीं घरांतील कर्त्या पुरुषाची दृष्टि प्रथम कोठें जाते? रिकाम्या खोलींत जळत राहिलेल्या दिव्याकडे. मग मुलांस बोलणीं बसतात. दिवा मालवावा हें खरें. परंतु हिशेब काय सांगतो तेंहि पहावें. एक हजार वॅटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट होतें. नऊ वॅटचा एलईडी दिवा एक युनिट खाण्यास शंभराहून अधिक तास घेतो. दोन हजार वॅटचा गीझर तेंच काम अर्ध्या तासांत उरकतो. झोपण्याच्या खोलींतील वातानुकूलन यंत्र उन्हाळ्याच्या एका रात्रींत जितकी वीज घेतें, तितक्यांत मुलांच्या टेबलावरील दिवा कित्येक महिने जळेल. केंद्र सरकारच्या ऊर्जा-बचत विभागानें १ जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांचें मूळ तापमान २४ अंशांवर ठेवावयास लावलें. त्याच्या हिशेबीं तापमान एक अंश वर ठेवलें कीं शेंकडा सुमारें सहा वीज वांचते. म्हणजे वीस अंशांची हौस चोवीसांवर आणली तर त्या यंत्राच्या खर्चाचा पांचव्याहून अधिक हिस्सा वांचतो. तरीहि ओरडा होतो तो दिव्याबद्दल. कां? कारण दिवा दिसतो, व ज्याच्यावर ओरडावयाचें तो लहान आहे. यंत्राची वीज दिसत नाहीं, व तें ज्याच्या सोयीसाठीं चालतें तोच ओरडणारा आहे. हिशेबावांचून केलेली काटकसर ही नेहमीं दिसेल त्याच्यावर आणि दुबळ्याच्यावर जाऊन पडते.

दुसरी गोष्ट अशी कीं, यंत्राची वीज वांचली म्हणून यंत्राचें काम नाहींसें होत नाहीं; तें कोणाच्या तरी हातावर येतें. कपडे धुण्याचें यंत्र आठवड्यांतून दोनदांच लावावयाचें ठरलें तर उरलेले कपडे कोणीं चोळावयाचे? मिक्सरचा उपयोग कमी करावयाचा तर चटणी कोणीं कुटावयाची? गरम जेवणाचा आग्रह तसाच ठेवून गॅस वांचवावयाचा तर घरच्या बाईनें चार जणांच्या चार वेळा कशा सांभाळावयाच्या? अशा ठरावांत मत देणारे चार आणि राबणारी एक, असें पुष्कळ घरांत घडतें. जी सर्वांच्या मागून जेवते तिची काटकसर तर कोणाच्या वहींत लिहिलीच जात नाहीं. ती दुधाच्या पेल्यांत, फळाच्या फोडींत आणि लांबणीवर टाकलेल्या डॉक्टरच्या भेटींत लपलेली असते. तिला आपण 'गृहलक्ष्मी' म्हणतों. लक्ष्मीच्या वांट्यास उणीव यावी आणि भक्तांनीं तिचें माहात्म्य गावें, हा प्रकार भक्तीचा असेल; न्यायाचा खास नाहीं.

याहूनहि नाजूक गोष्ट घरांतील वृद्धांची आहे. ज्यांनीं एकेकाळीं घर चालविलें व आतां ज्यांचें पोषण मुलगा किंवा सून करिते, अशीं कित्येक माणसें महागाईची चर्चा कानीं पडतांच, कोणीं न सांगतां, आपल्या खोलींतला पंखा बंद करूं लागतात. थंडींत गरम पाण्याऐवजीं कोमट पाणी पुरे म्हणतात. डोळ्यांस दिसत नसतांहि संध्याकाळीं दिवा लावीत नाहींत व अंधारांत चाचपडतात. विचारलें तर 'मला उकडत नाहीं' असें सांगतात. हा त्याग आहे असें म्हणून त्यांचें कौतुक करणें सोपें आहे. परंतु त्यागांत स्वातंत्र्य असतें. आणि येथें पुष्कळदां केवळ भीति असते, आपण भारभूत झालों आहों अशी. ती भीति त्यांच्या मनांत कोणीं घातली? कदाचित् कोणींच मुद्दाम घातली नसेल. जेवतांना बिलाचा आंकडा चारदां उच्चारला गेला, एवढेंच झालें असेल. पण ज्या घरांत वृद्ध मनुष्य उकाडा सोसून 'उकडत नाहीं' असें खोटें बोलतो, त्या घरानें पन्नास रुपये वांचविले असतील तर ते फार महाग पडले, असें आम्ही म्हणूं. उतारवयांत उन्हाचा व थंडीचा मार शरीरास अधिक लागतो, ही वैद्यकांतील गोष्ट वेगळीच. नीतीची गोष्ट एवढीच कीं, ज्यास 'नको' म्हणण्याची सोय नाहीं त्याच्या 'नको'वर घराची बचत उभारूं नये. अशा वेळीं मुलानें उठून स्वतःच्या हातानें तो पंखा लावणें, हें हिशेबांत न बसणारें परंतु धर्मांत बसणारें कृत्य होय.

घरांतून दाराबाहेर पाऊल टाकलें कीं तिसरा मनुष्य भेटतो: घरकामास येणारी बाई, इस्त्रीवाला, पेपर टाकणारा मुलगा. महागाई वाढली कीं 'एक काम कमी करूं' असा विचार मध्यमवर्गाच्या मनांत लवकर येतो. किंवा काम तेंच ठेवून वर्षाची पगारवाढ तेवढी पुढें ढकलली जाते. येथें कोणी म्हणेल, 'आमचीच प्राप्ति वाढली नाहीं, तर आम्हीं कोठून द्यावें?' प्रश्न अगदींच खोटा नाहीं. परंतु ज्या गॅसचा भाव तुमच्यासाठीं वाढला, तोच तिच्यासाठींहि वाढला. आणि एंगेलचा नियम आठवला तर तिच्या खर्चांत त्याचा वांटा तुमच्याहून मोठा आहे. आपल्यावर आलेला भार जसाच्या तसा खालच्या पायरीवर सरकवून देणें यास काटकसर हें नांव शोभत नाहीं. तें केवळ ओझें बदलणें आहे, व ओझें नेहमीं खालींच घरंगळतें. ज्यास खरोखरच एक काम सोडणें भाग आहे त्यानें तें सोडावें. पण आपली सहल, आपलें हॉटेल, आपला नवा मोबाइल यांस हात लावण्यापूर्वीं जर तिच्या पगारास हात लागला, तर घराच्या खर्चाची वही कांहींहि म्हणो, मनाच्या वहींत ती रक्कम कर्ज म्हणूनच लिहिली पाहिजे.

इंधनाच्या बाबतींत ही उतरंड किती खोल जाते हें ध्यानीं घेण्यासारखें आहे. १ मे २०१६ रोजीं बलिया येथें उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला व गरीब घरांतील कोट्यवधि स्त्रियांच्या नांवें गॅसजोडण्या दिल्या गेल्या. परंतु जोडणी मिळणें निराळें आणि सिलिंडर पुनः भरून आणणें निराळें. भाव वाढला तेव्हां सरकारनें मे २०२२ मध्यें अशा कुटुंबांस दर सिलिंडरामागें २०० रुपयांचें साहाय्य दिलें व ऑक्टोबर २०२३ मध्यें तें ३०० रुपयांवर नेलें. यावरूनच तो भाव त्यांस पेलत नव्हता हें उघड होतें. ज्या घरीं तो पेलत नाहीं तेथें चूल पुनः पेटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरांतील धुरानें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें अकालीं मेलीं. म्हणजे तेथें गॅसवर वांचविलेले पैसे फुप्फुसांतून भरले जातात. मध्यमवर्गाच्या काटकसरींत एखादी सोय जाते; गरिबाच्या काटकसरींत आयुष्य जातें. दोहोंस एकच शब्द वापरणें ही भाषेची गैरसोय आहे. पण त्या शब्दामागें दोघांस एकच माप लावणें हा बुद्धीचा आळस आहे.

मग विजेचा अधिक वापर करणाऱ्यास कोणी बोलूं नये काय? 'मी बिल भरतों, तुम्हांस काय त्याचें?' असें म्हणणारे गृहस्थ आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांस आमचें उत्तर असें कीं, बिल भरल्यानें विजेची किंमत दिली जाते, तिचें सर्व मोल दिलें जात नाहीं. भारतांतील विजेचा मोठा भाग अजूनहि कोळशापासून होतो. चंद्रपूरचें महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचें. तेथील वीज दूरच्या शहरांत थंडावा देते, आणि राख व धूर मात्र चंद्रपुरासच राहतात. त्या गांवच्या माणसाच्या श्वासाचा आकार कोणत्याहि बिलांत लावलेला नसतो. म्हणून ऐपत असणें हा उधळपट्टीचा परवाना होऊं शकत नाहीं. शिवाय केवळ चांगलीं उपकरणें आणल्यानें हा प्रश्न मिटेल असेंहि समजूं नये. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स यानें १८६५ मध्येंच दाखवून दिलें होतें कीं, वाफेचीं यंत्रें कोळसा कमी खाऊं लागल्यानें कोळशाचा एकंदर खप घटला नाहीं, उलट वाढला. कारण स्वस्त झालेली शक्ति माणसें अधिक ठिकाणीं वापरूं लागलीं. आपणहि साठ वॅटच्या दिव्याजागीं नऊ वॅटचा लावतों आणि, 'आतां काय, नऊच वॅट!' असें म्हणून पांच ठिकाणीं पांच लावतों. यंत्र खर्चाचा वेग कमी करितें. मर्यादा मात्र मनालाच घालावी लागते. पतंजलीनें अपरिग्रह हा अहिंसा व सत्य यांच्या पंक्तीस बसविला, याचें कारण हेंच असावें. गरजेहून अधिक घेणें हें केवळ अव्यवहारी नव्हे. त्यांत दुसऱ्याचें कांहीं घेतलें जाण्याचा संभव असतो.

आतां आणखी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कित्येक म्हणतील कीं, ज्यानें त्यानें आपलें घर सांभाळावें. सार्वजनिक गोष्टींची उठाठेव कशास? परंतु घरगुती काटकसरीची धांव किती आहे हें बिल वाचल्यास कळतें. महाराष्ट्रांतील विजेच्या बिलांत वीज आकाराखेरीज स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार व शासनाचें वीज शुल्क हीं असतात. सर्व दिवे मालवून महिनाभर गांवीं जाऊन राहिलें तरी स्थिर आकार घरींच राहतो. दर टप्प्याटप्प्यानें चढतो: पहिल्या शंभर युनिटांस कमी, पुढें तीनशेपर्यंत अधिक, त्यापुढें आणखी अधिक, अशी ही पद्धति वर्षानुवर्षें चालत आली आहे. तिचें तत्त्व न्यायाचें आहे. अधिक वापरणारानें अधिक द्यावें. परंतु मीटर युनिटें मोजतो, माणसें मोजीत नाहीं. दोन माणसांच्या सधन घरास नव्वद युनिटें पुरलीं तर त्यांस कमी दर, आणि आठ माणसांच्या साध्या घरास अडीचशें लागलीं तर वरच्या युनिटांस चढा दर. जेथें खोलीमालकाच्या एकाच मीटरवर चार बिऱ्हाडें असतात तेथें तर चार गरीब मिळून एक श्रीमंत ठरतात. अशा अन्यायावर दिवा मालवून उपाय होत नाहीं. २००३ च्या विद्युत् कायद्यानें दर ठरविण्यापूर्वीं आयोगास लोकांच्या सूचना व हरकती विचारांत घेणें भाग पाडलें आहे. हरकत लिहिण्याचें सामर्थ्य ज्या वर्गाच्या लेखणींत आहे, त्यानें ती केवळ आपल्या बिलासाठीं न झिजवितां त्या चार बिऱ्हाडांसाठींहि झिजवावी, हेंहि काटकसरीच्या धर्माचेंच एक अंग होय.

हा मार्ग महाराष्ट्रास नवा नाहीं. १९७२ मध्यें मुंबईंत निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रियांनीं एकत्र येऊन महागाईविरुद्ध संयुक्त आघाडी उभारली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर इत्यादिकांच्या पुढारीपणाखालीं हजारों गृहिणी हातांत लाटणें व थाळी घेऊन रस्त्यावर आल्या. ज्या लाटण्यानें रोजची पोळी पातळ करून घर भागवावयाचें, तेंच लाटणें 'आतां याहून पातळ होणार नाहीं' असें सांगण्यासाठीं वाजूं लागलें. १९७५ मध्यें स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा माल एकत्र घेण्याची रीत घातली. तींत काटकसर झाली, पण ती कोणा एकाच्या पोटास चिमटा घेऊन झाली नाहीं. एकट्यानें कापण्यापेक्षां अनेकांनीं मिळून वांटून घेणें हें अधिक बरें, याचे हे दोन पुरावे होत.

वांटणी न्यायाची असली म्हणजे उणीवहि सुसह्य होते, हें आपल्या वाडवडिलांनीं पाहिलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. धान्य मोजकें, रांगा लांब, आणि प्रत कशी असे तें त्या काळच्या माणसांनीं सांगितलेंच आहे. तरी त्या कार्डाच्या मुळाशीं एक तत्त्व होतें: शहरांत धान्य थोडें असेल तर तें पैशाच्या नव्हे, माणसांच्या मापानें वांटावें. त्याच वर्षीं बंगालांत तसें न झाल्याचा परिणाम लाखों प्रेतांच्या रूपानें जगानें पाहिला. उलट, ऐपतदारांनीं आपण होऊन मागें सरण्याचें उदाहरण हवें असेल तर तेंहि आहे. गॅसवरील सरकारी साहाय्य ज्यांस परवडेल त्यांनीं सोडावें, असें आवाहन २०१५ मध्यें झालें, आणि वर्षभरांत एक कोटीहून अधिक कुटुंबांनीं तें सोडलें. त्या आवाहनामागील राजकारणाविषयीं मतभेद असोत. परंतु कोणाच्या ताटांतून काढलें व कोणीं काढलें या दोन्ही प्रश्नांस तेथें एकच उत्तर होतें, आणि काटकसरीस नैतिक मोल येतें तें अशाच ठिकाणीं.

असो. या सर्व विवेचनावरून घराघरांतील कर्त्या मनुष्यानें, मग तो पुरुष असो वा स्त्री, एवढेंच ठरवावें असें आम्हांस वाटतें. बिल आलें कीं तें एकट्यानें वाचून कपाळास आंठ्या घालण्यापेक्षां घरांतील सर्वांच्या समक्ष वाचावें; मुलांस युनिटाचा हिशेब करावयास लावावा; आणि कात्री हातीं घेतल्यावर पहिला काप आपल्या स्वतःच्या सोयीवर घालावा. पोरांच्या अभ्यासावर, आजाऱ्याच्या औषधावर, वृद्धांच्या ऊबेवर व वाऱ्यावर आणि कामाच्या बाईच्या पगारावर ती शेवटींसुद्धां चालूं नये. घरच्या बाईस या सभेंत केवळ चहा आणून देणारी म्हणून नव्हे, तर सर्वांत अधिक माहिती असलेली सभासद म्हणून बसवावें. घरांत काय किती लागतें हें तिच्याइतकें कोणास ठाऊक नसतें, व कोठें आतां कांहींच उरलेलें नाहीं हेंहि. अशा रीतीनें जें वांचेल तें कदाचित् फार नसेल. महागाई आपल्या काटकसरीनें हटणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. परंतु दिवस कठीण आले असतां घरांत कोणीं काय सोसलें याची आठवण माणसें फार वर्षें ठेवतात. बिलाचा आंकडा मात्र पुढच्या महिन्याचें बिल येईपर्यंतच लक्षांत राहतो.